डॉक्टरांचा एलिव्हेटर

आमच्या डॉक्टरांकडे एलिव्हेटर आहे, अशी बातमी एकदा अर्जुनी मोरगावच्या आसपासच्या खेड्यांत पसरली आणि एक म्हातारबा गाल धरून एसटीने आले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली खताबियाण्यांचं दुकान, आणि मधला जिना असा उभा की दाढेच्या आधी गुडघ्यांची आठवण व्हावी. म्हातारबा खालीच उभे राहिले. दुकानदाराला म्हणाले, "लिफ्ट कोठी हाय? मले सांगतलं का डागदरकडे एलिव्हेटर हाय म्हनून."

मी तेव्हा त्या दवाखान्यात कामाला होते. नंबर लावायचे, हत्यारं उकळायची, फोन घ्यायचे. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर खाली उतरले, म्हातारबांना युरियाच्या पोत्यावर बसवलं, मला मोबाइलचा उजेड धरायला लावला, तिथेच इंजेक्शन दिलं आणि तिथेच दाढ काढली. मग वर गेले आणि एलिव्हेटर घेऊन परत आले. विमानाच्या शेपटीला मागून लावायची, निळ्या चिकटपट्टीने मढवलेली थर्माकोलची एक आडवी पट्टी होती ती.

"हा एलिव्हेटर," डॉक्टर म्हणाले. "हा वर झाला का विमान वर जाते. खाली झाला का खाली जाते."

म्हातारबांच्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्यांनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि कापसातूनच विचारलं, "आन मानूस?"

"माणसाचं नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले.

मी मूळची वर्ध्याची. नवरा इथल्या शाळेत लागला म्हणून इकडे आले आणि घरात बसून कंटाळले. 'दवाखान्यात बाई पाहिजे' अशी पाटी दिसली, तेव्हा जिना चढून वर गेले. पेशंटची खुर्ची रिकामी होती. डॉक्टर खिडकीशी बसून, दात बघायचं भिंग डोळ्याला लावून, एका विमानाची शेपटी बघत होते. विमान जत्रेत मिळतं तसलं नव्हतं. मी दोन्ही हात पसरले असते तरी पंखांची टोकं बाहेर राहिली असती. रिमोटवर उडणारं, मोटर बसवलेलं, घरी बनवलेलं. डॉक्टरांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. शेपटी माझ्यापुढे केली.

"हे धरा. दोन बोटांनी. आता हलवा. हलते?"

"हलते."

"किती?"

काय सांगावं ते मला कळेना. "आमच्या सासूबाईंचा पुढचा दात हलतो ना, तेवढी," मी म्हणाले.

डॉक्टरांनी भिंग काढलं आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "सासूबाईंना घेऊन या," ते म्हणाले. "आणि उद्यापासून तुम्ही या."

सासूबाईंचा दात वाचला. त्या शेपटीचं काम मात्र पुढे पुष्कळ दिवस चाललं.

हलणाऱ्या दाताच्या तीन पायऱ्या असतात, हे मी तिथे शिकले. पहिलीत बोटाला कळतं, डोळ्याला कळत नाही. दुसरीत डोळ्यालाही कळतं. तिसरीत दात खालीवर होतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतं. डॉक्टर सगळ्या जगाला हेच माप लावत. एसटीची सीट ग्रेड टू. बाजारातल्या चहावाल्याचं बाकडं ग्रेड थ्री, ते टाळून ते उभ्यानेच चहा पीत. माझ्या नवऱ्याने एकदा सहज विचारलं, "आमचे हेडमास्तर कसे वाटतात तुम्हाला?" डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "वन. पण मुळाशी पू दिसते."

आता त्या शेपटीत एवढं काय होतं तेही सांगते. विमानाच्या पोटात काडेपेटीएवढी एक मोटर बसवतात, तिला सर्व्हो म्हणतात. तिला एक इवलासा हात असतो. त्या हाताच्या भोकात तारेचं एक टोक अडकवायचं, तार पोटातून शेपटीपर्यंत न्यायची आणि एलिव्हेटरवर चिकटवलेल्या एका छोट्या शिंगात दुसरं टोक अडकवायचं. आपण रिमोटची काडी ओढली की मोटरचा हात फिरतो, तार सरकते, शिंग हलतं आणि एलिव्हेटर उचलला जातो. एवढंच. पण शिंगाचं भोक तारेपेक्षा केसभर मोठं झालं, की रिमोट सांगतो एक आणि शेपटी करते भलतंच. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही. हवेत वेग आला की शेपटी फडफडायला लागते, आणि मग विमान नाकावर येतं. डॉक्टरांची पहिली तीन-चार विमानं अशीच नाकावर आली होती. तेव्हापासून पंख, मोटर, रंग यांतला त्यांचा रस संपला आणि ते शेपटीचे झाले.

विकत मिळणारी शिंगं त्यांना पसंत नव्हती. कवळी बनवायच्या गुलाबी ॲक्रेलिकची शिंगं ते स्वतः ओतत, त्यामुळे त्यांच्या सगळ्या विमानांना हिरड्यांच्या रंगाची शिंगं होती. तार म्हणजे सायकलची स्पोक. ती वाकवायला दातांची तार वाकवायचा चिमटा. तार पोटात कुठे घासते ते बघायला, आपल्याला दात बसवल्यावर चावायला देतात तो निळा कागद. आणि भोक पाडायला दात कोरायचं ड्रिल. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटला आतून घर्रर्र ऐकू येई, आणि आत तर कुणी गेलेलं नसे. दोघे-तिघे नुसत्या त्या आवाजाने बरे होऊन घरी गेले.

दात काढायच्या एका हत्यारालाही एलिव्हेटरच म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नवीन होते. गोंदियाचे एक राइस मिलवाले शेठ खुर्चीवर होते, जबडा बधिर केलेला. डॉक्टर मागे न बघता म्हणाले, "ताई, एलिव्हेटर द्या." मी स्टीलच्या ट्रेमध्ये स्वच्छ कपडा अंथरला, त्यावर ती निळी पट्टी ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

डॉक्टरांनी पाहिलं. "हा नाही," ते म्हणाले. पण आणलाच आहे तर, म्हणून त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, शिंग दोन बोटांत धरून हलवून पाहिलं आणि समाधानाने शेठजींना दाखवला.

शेठजींनी अर्ध्या जिभेने विचारलं, "डॉक्टरसाब, ये अंदर डालेंगे क्या?"

"नहीं नहीं," डॉक्टर म्हणाले. "ये बहोत नाजूक है. आपके लिए लोहेवाला."

विमानाच्या बाबतीत त्यांचा एक सिद्धान्त होता, तो त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की मी झोपेतही म्हणून दाखवीन. तार ओढली तर सरळ राहते, ढकलली तर वाकते. विमान वेगाने खाली येत असतं तेव्हा त्याला वर उचलायला सगळ्यांत जास्त जोर लागतो. त्या वेळी तार ढकलली जात असेल, तर ती पोटातल्या पोटात धनुष्यासारखी वाकते आणि शेपटीपर्यंत निरोपच पोचत नाही. म्हणून शिंग एलिव्हेटरच्या वरच्या अंगाला बसवायचं, म्हणजे वर जायचा हुकूम ओढून जातो. डॉक्टरांनी एकदा हे वहिनींनाही समजावून सांगितलं. वहिनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चौथीचा वर्ग सांभाळून आलेली बाई कोणताही सिद्धान्त शांतपणे ऐकून घेते.

ऐकून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर मले कधी ढकलत नाहीत, ताई. खोटं कायले बोलू. ओढत बी नाहीत. घरच्या कूलरचं बटन कधीचं हलून राहिलं, ते यायले दिसत नाही. शेपटीचं दिसते."

"कूलर उडत नाही," डॉक्टर म्हणाले.

उडवण्याआधीची तपासणी हा तर एक विधीच होता. डॉक्टर रिमोट घेऊन विमानाच्या पुढे, शेपटीकडे पाठ करून उभे राहत. मी मागे, गुडघ्यावर, डोळे एलिव्हेटरवर. ते काय हुकूम देताहेत ते मला सांगत नसत. नुसतं म्हणत, "बोला." मग मी बोलायचं: वर. मध्ये. खाली. मध्ये. एकदा माझ्या नवऱ्याला बसवलं होतं. तो म्हणाला, "अगदी बरोबर आहे, डॉक्टर." डॉक्टरांनी रिमोट बंद केला.

"सर, काय होऊन राहिलं ते सांगा," ते म्हणाले. "काय व्हायले पाहिजे, ते मले माहीत आहे."

त्यानंतर नवऱ्याला पंख धरायचं काम मिळालं. तेही गाडीत ठेवताना.

डॉक्टर कमी उडवत. खरं तर आठवड्याच्या आठवडे तपासत आणि रविवारी सकाळी दहा-पंधरा मिनिटं उडवत. त्यांच्या गावच्या तलावाचं पाणी हिवाळा सरताना मागे हटलं की काठची मोठी सपाट जमीन उघडी पडते, ती त्यांची धावपट्टी. तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला. त्या भागात शेतकऱ्यांची अशी घराणी आहेत की ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी गावोगाव तलाव बांधले, आणि त्यांतलंच हे एक. डॉक्टरांचे वडील अजून रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. कुठे पाणी झिरपतं का, कुठे उंदराने बीळ केलं का, बघत. पाळीखालच्या जमिनीवर मुलगा विमान घेऊन उभा असला की ते त्या बाजूला मान वळवत नसत.

मुलगा डॉक्टर झाला याचा त्यांना आनंद झाला होता, तो दातांचा झाला हे कळेपर्यंत. "सुई टोचत नाही तो डागदर कायचा?" असं ते म्हणत. सुई टोचतो, असं मुलाने सांगून पाहिलं. "हिरडीत टोचते," वडील म्हणाले, "आंगात नाही." आणि त्यात हे विमान. गावात कुणी विचारलं, तुमचा मुलगा काय करून राहिला तिकडे तलावात, तर ते म्हणत, "करून राहिला काहीतरी."

मग कॉलेजचं संमेलन आलं.

गावाबाहेरच्या कॉलेजचे प्राचार्य दाढ भरायला आले होते. खिडकीतलं विमान त्यांनी पाहिलं, आणि तोंड मोकळं होताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या प्रोग्रामले हे पाहिजेच. प्रमुख पाहुणे स्टेजवर बसले का वरून विमान आणा अन् फुलं टाका. एकदम जबरदस्त होते!" मला वाटलं डॉक्टर नाही म्हणतील. ते हो म्हणाले. विमानाच्या पोटाखाली त्यांनी दार उघडणारी एक पेटी बसवली. पळस फुललेला होता, पाकळ्यांना तोटा नव्हता. शिंग नव्याने ओतलं, तार नवी घातली. संमेलनाच्या आधी आठवडाभर दाढदुखीखेरीज कुणाला आत घेतलं नाही.

वडिलांना त्यांनी सांगितलं नव्हतं. पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. संमेलनाच्या दुपारी गावाकडून एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत माणसं दाटीवाटीने उभी, आणि ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून डॉक्टरांचे वडील. ते मांडवात दुसऱ्या रांगेत येऊन बसले. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही, विमानाकडे मात्र पाहिलं. शेजारच्याला काहीतरी सांगितलंही. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण शेजारचा मान हलवत राहिला.

डॉक्टरांनी त्यांना पाहिलं होतं. एरवी त्यांच्या हाताला कधी घाम यायचा नाही, आज त्यांनी रिमोट दोनदा रुमालाने पुसला.

पाहुणे आले, हार झाले. प्राचार्यांनी माइकवरून सांगितलं, "अब आप लोग आसमान की तरफ देखिए." सगळ्यांनी माना वर केल्या. मैदानाच्या टोकाला डॉक्टर शेपटीकडे पाठ करून उभे राहिले. मी गुडघ्यावर बसले.

"बोला."

"वर."

"बोला."

"मध्ये."

"बोला."

"खाली."

"बोला."

एलिव्हेटर खालून वर येऊ लागला आणि मधल्या रेषेच्या जरा अलीकडे थांबला. मी वाट पाहिली. तो तिथेच. मांडवात सगळ्यांच्या माना वर होत्या. दुसऱ्या रांगेत ते धुतलेलं धोतर दिसत होतं. 'मध्ये' एवढंच म्हणायचं होतं, आणि तसं म्हणावंसं मला फार वाटलं.

"बोला, ताई."

"मध्ये नाही आला," मी म्हणाले. "थोडा खालीच थांबला."

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढा."

"दाण्याची लांबी का जाडी?"

"जाडी."

त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. शिंग हलवून पाहिलं, घट्ट. तार घट्ट. चिकटपट्टीवरून नख फिरवलं, मोटरचा हात काढून परत बसवला. पुन्हा तेच. तोपर्यंत मांडवातून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या आणि प्राचार्य धावत आले होते.

"काय झालं, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी सांगितलं.

"तांदळाच्या दाण्याएवढं?" प्राचार्य म्हणाले. "अहो, एवढं कोण पाहून राहिलं? वरून फुलं पडली म्हणजे झालं."

"वरून विमान पडलं तं?"

"नाही पडत हो!"

"कशावरून?"

 प्राचार्यांनी हात जोडले. "दोन मिनिटं उडवा. पोरं बसून आहेत सकाळपासून. तुमचे वडील आले आहेत."

"हो," डॉक्टर म्हणाले. "खालीच बसले आहेत ते."

त्यांनी रिमोट बंद केला. विमानाखालची पाकळ्यांची पेटी सोडवली आणि ती काखेत धरून सगळं मैदान ओलांडत मांडवाकडे चालू लागले. ते स्टेजवर चढले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "आज विमान उडणार नाही. शेपटीत तांदळाच्या जाडीएवढा फरक आहे. त्याचं कारण सापडलं नाही. फुलं मी हातानं टाकतो."

आणि त्यांनी टाकली. प्रमुख पाहुण्यांच्या मागे उभं राहून, मूठ मूठ, पेटी रिकामी होईपर्यंत. पाहुण्यांनी आधी हात जोडले, मग ते सोडायचे कधी ते कळेना म्हणून तसेच धरून ठेवले. मांडवात जे हसणं सुरू झालं ते आवरेना. सगळ्यांचे मोबाइल विमानासाठी तयार होतेच. संध्याकाळपर्यंत तालुक्यात तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. मला तो चार जणांनी पाठवला, त्यांतला एक माझा नवरा.

डॉक्टरांचे वडील उठले. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि हसणाऱ्या माणसांच्या मधून, कुणाकडे न बघता, ट्रॅक्टरकडे गेले. ट्रॉलीवाले त्यांच्यामागे. डॉक्टर रिकामी पेटी घेऊन स्टेजवरून ते बघत होते.

वहिनीही संमेलनाला आल्या होत्या, परतताना गाडी त्या चालवत होत्या. मग डॉक्टर म्हणाले, "तांदूळ कोणता म्हणाल्या तुम्ही? बारीक का जाड?"

"जाड," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.  वहिनींनी एक हात स्टिअरिंगवरून काढून डॉक्टरांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या गिअरची वेळ आली तेव्हा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी त्यांचा फोन आला, "तलावावर जाऊन राहिलो. येता काय?" मी नवऱ्याला घेऊन गेले. डॉक्टर आधीच पोचले होते. पाण्याच्या कडेला बगळे, पलीकडे धुकं, आणि त्या सपाट जमिनीवर आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. पाळीवर मात्र नेहमीच्या वेळेला वडील चालत होते. ते आमच्या समोर आले, आणि पुढे गेले नाहीत. तिथेच उभे राहिले.

तपासणी झाली. "खालून येताना अजून थांबतो," मी सांगितलं. "तेवढाच."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "मी काही केलं नाही त्याले. पाहू."

"असंच उडवता?"

"इथं कोणी नाही. पडलं तं माझं पडते."

नवऱ्याने विमान उचलून धावत जाऊन सोडलं. ते गेलं. पाण्यावरून गेलं, बगळे उठले, त्यांच्यावरून वळून परत आलं. डॉक्टरांनी त्याला उंच नेलं आणि नाक खाली करून सोडून दिलं, सरळ जमिनीकडे. माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा ते सुईसारखं सरळ वर चाललं होतं. त्यांनी त्याला पुन्हा खाली सोडलं, पुन्हा उचललं. गिरक्या घातल्या, उलटं उडवलं. मी त्यांना इतकं उडवताना कधी पाहिलं नव्हतं. विमानाने एकदाही, एवढासुद्धा, चुकारपणा केला नाही. शेवटी ते अलगद उतरलं आणि आमच्या पायापाशी येऊन थांबलं.

 त्या शेपटीत काही बिघाड नव्हता. काल मांडवावरून ते मजेत गेलं असतं, फुलं पडली असती, टाळ्या झाल्या असत्या.

वडील पाळीवरून खाली उतरले. उतार निसरडा होता, पण डॉक्टर पुढे झाले नाहीत, कारण वडिलांना ते आवडलं नसतं. जवळ येऊन ते विमानापाशी उभे राहिले.

"उडते तं," ते म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाले. "उडते."

"बेस उडते."

"हो."

"मंग काल काऊन नाही उडवलं? साऱ्या गावाले घेऊन आलो होतो मी. म्हटलं पाहा, आमच्या बाबूचं पाहा."

 वडिलांनी असं काही म्हटलं असेल, हे डॉक्टरांना आत्ताच कळत होतं.

"काल माहीत नव्हतं, बाबा," ते म्हणाले. "उडते का पडते ते. आज माहीत झालं."

 वडील उकिडवे बसले आणि त्यांनी विमानाला हात लावला. आधी पंखाला, मग अंगाला, मग त्या गुलाबी शिंगाला. बोटाने एलिव्हेटर वर केला, खाली केला.

"हे होय काय ते?"

"हे."

"दान्याएवढं?"

"दाण्याच्या जाडीएवढं."

वडिलांनी पुन्हा वर-खाली करून पाहिलं. त्यांना काही दिसलं असेल असं वाटत नाही. मग ते उठले, धोतराला हात पुसले, पाळीवर परत चढले आणि वरून म्हणाले, "चाल. घरी चाय पिऊन जाजा सारे."

विमानाचा पंख सुटा करून नवऱ्याने घेतला. रिमोट डॉक्टरांकडे. उरलेलं धड शेपटीसकट डॉक्टर उचलणार, तेवढ्यात वडील पुन्हा खाली आले आणि ते त्यांनी दोन्ही हातांवर आडवं घेतलं. आम्ही पाळीवरून गावाकडे निघालो. वडील पुढे, मग डॉक्टर, मागे आम्ही दोघं.

गावाच्या तोंडाशी सायकलवरून दुधाचे कॅन घेऊन एक माणूस येत होता. काल ट्रॉलीत होता तो. वडिलांच्या हातांतलं पाहून त्याने पाय टेकवला.

"का हो बाबाजी, हेच होय का कालचं?" तो हसत म्हणाला. "आज तं उडलं. म्या दुरून पाह्यलं. मंग काल काऊन नाही उडवलं हो डागदरनं? भेला काय?"

डॉक्टर काहीतरी सांगायला पुढे झाले. वडिलांनी मागे न बघता कोपराने त्यांना थांबवलं.

"तू कोठी बसला होता काल?" त्यांनी दूधवाल्याला विचारलं.

"मांडवात. तुमच्या मांगं."

"मंग?" वडील म्हणाले. "तुह्या डोकशावर पाडाचं होतं काय?"

दूधवाल्याने टोपी काढली, डोक्यावरून एकदा हात फिरवला, टोपी परत घातली आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. वडील शेपटीचं टोक कुठे लागू नये म्हणून जरा तिरके होऊन गल्लीत वळले.